दादा, मशीनचा बोर्ड चालू झाला, आता तरी थँक्यू ऐकून घ्या!

दादा, फोनवर तुम्ही "चालू झालं ना, मग ठेव आता" म्हणून मोकळे झालात, थँक्यू म्हणूच दिलं नाहीत, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

वॉशिंग मशीन लावली की दिवे लागायचे, आतून टिकटिक व्हायची आणि परत सगळं बंद. बघायला आलेल्या माणसाने झाकणही न उघडता पूर्ण बोर्ड (मशीन चालवणारं सर्किट) बदलायला सांगितलं. मी पण शहाणा, टिकटिक रिलेची (बोर्डावरचा विजेने चालणारा स्विच), म्हणजे रिलेच गेला असं धरून नवा रिले आणून बसलो होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "त्याला 12 व्होल्ट मिळतायत का?" मोजलं तर रिले चालू व्हायला गेला की 12 चे 7! रिले बिचारा ठणठणीत, नुसता उपाशी होता. त्याला वीज देणाऱ्या सप्लायचा 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) डोक्यावर किंचित फुगलेला, तोही मला तुम्ही फोटोत गोल करून दाखवल्यावर दिसला.

पण खरं थँक्यू तुमच्या ओरडण्याला. प्लग काढलाय म्हणून मी सरळ हात घालणार होतो, तुम्ही म्हणालात आधी मोठ्या कपॅसिटरवर मीटर लाव, आणि तिथे तेव्हाही 80 च्या आसपास व्होल्ट होते (चालू असताना तिथे 325 पर्यंत असतात हे ऐकून घाम फुटला). स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नको, रेझिस्टर लावून उतरव, आणि असे बरेच बोर्ड मेन्सपासून (घरातल्या मुख्य विजेपासून) वेगळे नसतात त्यामुळे चालू असताना 12 व्होल्टच्या बाजूलाही बोट लावायचं नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत, तेव्हा वैताग आला होता, आता नाही येत.

नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज जास्त चालेल कमी नको, 105 डिग्री तापमान सोसणाराच, सगळं पाळलं आणि लावला उलटा! पट्टीची बाजू मायनस, हे माहीत असून. पॉवर देण्याआधी फोटो मागितलात म्हणून वाचलो. मग सिरीजमध्ये जुना तारेचा बल्ब लावून पहिल्यांदा चालू केलं, बल्ब भपकन पेटून मंद झाला (तसाच पेटून राहिला असता तर कुठेतरी शॉर्ट) तेव्हा कुठे श्वास सोडला.

आठवडा झाला, मशीन रोज चालतेय. तो नवा रिले तसाच डब्यात पडलाय, तुम्हाला कुठे लागला तर सांगा.