पॅनची गोळी आणि पोटातला जंतू

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

करपट ढेकर, जेवल्यावर पोट गच्च, पहाटे दुखणं, आणि या सगळ्यावर महिनोन्‌महिने आम्ल कमी करणारी पॅनची (पँटोप्राझोल) गोळी. पोटात जंतू आहे का, हे मात्र तुम्हा दोघांचं एकदाही तपासलेलं नाही. ते आता करायचंच.

जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. भारतात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या जठरात तो असतो, बहुतेकांना लहानपणीच घरातून लागलेला. त्यामुळे अपचनाच्या रुग्णांतही तो सर्रास सापडतो. सापडला म्हणजे सगळा दोष त्याचाच, असं नाही. अल्सर नसेल तर जंतू मारल्यामुळे दहा-पंधरांत एखाद्याचाच त्रास थांबतो. तरी तो ठेवायचा नाही, कारण अल्सर आणि जठराचा कॅन्सर यांच्या मुळाशी बऱ्याचदा तोच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ मध्येच त्याला कॅन्सरकारक ठरवलंय. तांबड्या रश्श्याने जळजळ वाढेल, पण जंतू रश्श्यातून येत नाही.

बाबा, तुमची साठी उलटलीय, म्हणून थेट एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर बघणं. त्यात जठराच्या दोन ठिकाणांहून तांदळाच्या कणीएवढे तुकडे घेतात. एक तुकडा युरिया घातलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जंतू असला तर तो युरियाचा अमोनिया करतो आणि तुकड्याभोवतीचा पिवळा रंग गुलाबी होत जातो. आई, वजन घटणं, गिळताना अडकणं, डांबरासारखी काळी चिकट शी, रक्त कमी होणं, यातलं काही नसेल तर तुला शौचाची अँटिजेन तपासणी (शौचात जंतूचे अंश शोधणारी) पुरे. रक्तातली अँटिबॉडी तपासणी कुणी सुचवली तर नको म्हण. बरा होऊन गेलेला संसर्गही ती पॉझिटिव्ह दाखवते.

बहुतेकांची चूक होते ती इथे. पॅन चालू असली की जंतू कमी होऊन दबून बसतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. म्हणून तपासणीआधी पॅन दोन आठवडे बंद, अँटिबायोटिक झालं असेल तर चार आठवडे थांबायचं. बाबा, बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्या दिवसांत गुडघेदुखीची डायक्लोफिनॅक गोळी मुळीच नको, पॅनचं संरक्षण नसताना ती जठराला जखम करते. जळजळ झाली तर अँटासिडचं पातळ औषध चालतं.

जंतू निघाला तर चौदा दिवसांचा कोर्स असतो. एक चांगला प्रकार म्हणजे पॅनसारखी गोळी दोन वेळा, शिवाय बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल दिवसातून चार वेळा. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला आपल्याकडचा जंतू बऱ्याचदा दाद देत नाही, म्हणून त्याच्यावरच भिस्त नको. टेट्रासायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या. बाबा, गंगावेशीतलं दूध त्या गोळीच्या आगेमागे दोन तास नको, दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगात भिनत नाही. बिस्मथने जीभ आणि शी काळी होते, त्याला घाबरू नका. तोंड कडू होईल, मळमळेल, पण आठव्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका. उरलेला जंतू मग त्याच औषधाला पुरून उरतो.

कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी दोघांचीही शौचाची तपासणी पुन्हा करायची, आणि त्याआधीचे दोन आठवडे पॅन परत बंद. कॅलेंडरवर आजच खुणा करून ठेवा.

तुमची,
लेक