चोडणच्या वाटेवर हळू बोला

महोदय,

रविवारी आईला घेऊन रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर गेलो. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे, तिच्या गुडघ्यांना झेपणारे. ओहोटी होती. खारफुटीच्या मुळांमधून निवट्या चिखलावर उड्या मारत होत्या. कातडी ओली असेल तोवर हा मासा पाण्याबाहेरही श्वास घेतो. आईने लहानपणी खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, पाहिलेला. मला तिनेच दाखवला. मग अगदी जवळच्या फांदीवर खंड्या येऊन बसला. तेवढ्यात मागच्या गटाने मोबाइलवर गाणी लावली आणि तो उडाला. आई कितीतरी वेळ त्या रिकाम्या फांदीकडे पाहत राहिली. तिथे जाणाऱ्यांनो, कृपया शांत राहा. फेरी धक्क्यावर ओहोटीच्या वेळाही ठळक लिहाव्यात, ही विनंती.

— एक वाचक, पणजी