ठाणे खाडीचं पाणी ओहोटीला मोजा: पर्यावरण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

मी ऐरोलीत राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी एकतीस वर्षं पाणी तपासण्यात गेली. आता निवृत्त आहे. संध्याकाळी खाडीकडे फिरायला जातो तेव्हा पिशवीत कधीकधी एखादी बाटली असते. सुटलेलं व्यसन परत लागलंय, असं घरात म्हणतात.

गेल्या मे महिन्यात, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, दिवा कोळीवाड्यातल्या एका नाखव्यांबरोबर होडीतून गेलो होतो. सकाळचे सात वाजून गेले होते, पाणी पार तळाला लागलेलं. दोन्ही काठांना चिखल उघडा पडलेला, त्यावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारताहेत, लांबवर फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा. होडी आणखी आत, एका नाल्याच्या तोंडाशी नेली. तिथे मात्र निवटी नव्हती. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून, आत बुडबुडा राहू न देता भरली आणि होडीतच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड सोडलं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका धरतो; प्राणवायू जितका जास्त तितका रंग गडद. माझ्या बाटलीत साका धरला तो पांढराशुभ्र, दूध फाटल्यासारखा. म्हणजे प्राणवायू जवळजवळ शून्य. नाखवा हसले. म्हणाले, “याला बाटली कशाला पायजे? नाकाला इचारा.”

दुपारी भर भरतीला त्याच जागी दुसरी बाटली भरली. साका तपकिरी. नाल्यातली घाण तेवढ्यात थांबली होती असं नाही, तिच्यावर समुद्राचं पाणी चढलं होतं एवढंच.

एका जागेच्या दोन बाटल्यांवरून अख्ख्या खाडीची पत्रिका मांडता येत नाही, हे मला कळतं. पण या दोन बाटल्यांमधल्या सहा तासांसाठीच हे पत्र लिहितो आहे.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर, त्यातलं साधारण ८९६ हेक्टर कांदळवन आणि उरलेलं पाणी. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिवरं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासूनच मनाई केलेली आहे. म्हणजे झाडाला न्यायालय आहे आणि पक्ष्याला १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. पाण्याचं काय? अभयारण्य वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे, पाण्याचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, नाले आणि मलप्रक्रिया केंद्रं ठाणे, नवी मुंबई आणि मुंबई अशा तीन महापालिकांकडे, कारखान्यांचा पट्टा एमआयडीसीकडे. प्रत्येकाची फाइल आपापल्या जागी व्यवस्थित, आणि पाणी मधल्यामध्ये बेवारस.

खाडीची तब्येत कशी आहे असं विचारलं की आपल्याकडे फ्लेमिंगोंची संख्या सांगतात. मलाही ते पक्षी आवडतात. नातीला घेऊन दोनदा बोटीतून जाऊन आलो. पण लहान फ्लेमिंगो (‘लेसर फ्लेमिंगो’ ही जात) खातो काय? चोचीतल्या गाळणीने पाणी आणि चिखल गाळून नीलहरित शेवाळ आणि त्यासारखे सूक्ष्मजीव. हे शेवाळ फोफावतं नायट्रोजन आणि फॉस्फरसवर, आणि खाडीत ही दोन्ही खतं मुबलक येतात ती सांडपाण्यातून. त्यामुळे पक्षी वाढले म्हणून पाणी सुधारलं असं मानता येत नाही. कदाचित नेमकं उलटं असेल. पक्ष्यांचा आकडा पुढे करून पाण्याचा प्रश्न निकाली काढणं म्हणजे हलवायाच्या दुकानावर माश्या किती बसल्या यावरून मिठाईची पारख करण्यासारखं आहे. उपमा उर्मट वाटली तर क्षमा असावी, पक्ष्यांचा यात काही दोष नाही.

आता घड्याळाकडे येतो. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती दुपारी बाराच्या पुढेमागे येते आणि पाणी तळाला जातं ते सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. खाडीच्या वरच्या टोकाला थोडं उशिरा. कचेऱ्या त्या वेळी बंद असतात. दहाला निघून अकरा-बारापर्यंत पुलावर पोचणाऱ्या माणसाला उधाणाच्या दिवशी कायम भरलेली खाडीच भेटणार. त्याने काहीही लबाडी केली नाही तरी! लबाडीचं म्हणाल तर तीही मी जवळून पाहिली आहे. आमच्या कारखान्यात बाहेर जाणाऱ्या सांडपाण्याच्या चेंबरचा नमुना रिॲक्टर धुण्याची पाळी आटोपल्यावरच भरायचा, हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना पाठ होतं. मीही तसेच नमुने भरले. आज हे लिहिताना बरं वाटत नाही.

नवी मुंबईच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. शहराचा बराचसा भाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल, म्हणून सिडकोने किनाऱ्यालगत धारण तलाव बांधले. नाल्यांचं पाणी त्यांत साठतं. भरती चढली की खाडीकडची झडप समुद्राच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की उघडते. पुरापासून बचाव करायला ही फार हुशार योजना आहे, दर पावसाळ्यात आम्ही तिच्यामुळे तरतो. पण त्याचा अर्थ असाही की नाल्याचं पाणी खाडीत उतरतं तेच मुळी ओहोटीला. भरतीचा नमुना म्हणजे दार बंद असताना घेतलेली झडती.

आणि उतरलेलं पाणी लगेच समुद्राला मिळतं असंही नाही. खाडी जवळपास २६ किलोमीटर लांब, ठाण्याकडे चिंचोळी आणि उथळ होत जाणारी. ऐरोली-विटाव्याजवळची घाण ओहोटीबरोबर थोडी खाली सरकते आणि पुढच्या भरतीबरोबर परत वर येते. चेंदणीचे जुने कोळी सांगतात की पूर्वी त्यांच्या पागात जिताडा यायचा. आता बोय आणि चिंबोरी मिळाली तरी दिवस साजरा. जे मिळतं ते विकताना “खाडीचं आहे” हे सांगायची चोरी, कारण गिऱ्हाईक रॉकेलसारख्या वासाचं नाव काढतं.

माझी मुख्य मागणी एकच आहे. पर्यावरण संरक्षण नियमांत किनारी पाण्याचे पाच वर्ग पाडलेले आहेत. पहिला वर्ग, एसडब्ल्यू-१, हा मिठागरं, शिंपल्यांची मासेमारी, सागरी मत्स्यशेती आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं यांच्यासाठी आहे. त्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या, म्हणजे पाण्यात जास्तीत जास्त मावेल तेवढ्याच्या, ६० टक्के, यांतला जो जास्त असेल तो, हवा. दुसऱ्या वर्गाला ४ मिलिग्रॅम चालतो. ज्या खाडीकाठी मीठबंदर आणि भांडुप-कांजूरची मिठागरं आहेत आणि जिच्यात अभयारण्य व रामसर स्थळ आहे, ती पहिल्या वर्गात नाही तर कुठली खाडी त्या वर्गात बसणार? अभयारण्याच्या हद्दीतलं पाणी एसडब्ल्यू-१ याच मापाने मोजलं जाईल, असा आदेश आपण काढावा.

हे माप कडक आहे हे मी जाणतो. मे महिन्यात तापलेल्या खाऱ्या पाण्यात मुळात सहा-साडेसहा मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतच नाही, तेव्हा ५ गाठणं सोपं नाही. सुरुवातीची कित्येक वर्षं आपण नापास होऊ. होऊ द्या. निकालपत्रक तरी खरं असेल.

आणि नमुना ओहोटीचा हवा. महिन्यातून दोनदा, उधाणाच्या दिवशी, पाणी तळाला असताना, नुसतं पुलाच्या मध्यावर नव्हे तर मोठ्या नाल्यांच्या तोंडाशीही. मंडळ खाडीच्या पाण्याचे आकडे प्रसिद्ध करतं, त्याबद्दल तक्रार नाही. प्रत्येक आकड्याशेजारी नमुन्याची वेळ आणि त्या दिवशीची भरती-ओहोटी छापावी, एवढंच मागणं आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात पक्ष्यांची माहिती सुरेख मांडली आहे. तिथेच तिकीट खिडकीजवळ एक फळा लावा: आज सकाळी ओहोटीला प्राणवायू इतका. बोटीत बसण्याआधी लोक वाचतील.

शहरांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. नवी मुंबई महापालिका ऐरोली आणि कोपरखैरण्यात सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते एमआयडीसीतल्या कारखान्यांना देते. हे उत्तम आहे, कारण कारखान्यात गेलेला प्रत्येक लिटर खाडीत येत नाही. पलीकडे मुंबईत भांडुप आणि घाटकोपरची केंद्रं नव्याने बांधायला घेतली आहेत. ती चालू झाल्यावर खाडीत फरक पडला की नाही, हे कशावरून ठरवणार? आजचा ओहोटीचा आकडा नोंदवलेला नसेल तर उद्या तुलना कशाशी?

नेरूळच्या फ्लेमिंगो तलावाचं ताजं उदाहरण आहेच. भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजली, तळं शेवाळलं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेले. पुढे त्या तळ्याला संरक्षण देण्याचा निर्णय झाला, चांगलं झालं. पण पाणी खेळतं राहिलं का हे बघायला रोज कोण जातं, तर आसपासचे चार हौशी पक्षिमित्र.

आपल्याला प्रत्यक्ष पाहायचं असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी यावं. सकाळी साडेसहाला दिव्याच्या जेटीवर, ताफा न आणता. चिखल घसरडा असतो, जुन्या चपला घालाव्यात. बाटल्या आणि रसायनं मी आणतो, होडी नाखव्यांची आहे. दुपारच्या भरतीची दुसरी बाटली भरेपर्यंत थांबता आलं तर जेवण कोळीवाड्यात करू. मासे बाजारातून आणलेले असतील.

आपला,
ऐरोलीचा एक निवृत्त रसायनतज्ज्ञ