रोलिंग स्टोन्सच्या सहाव्या माणसाला

प्रिय इयन स्टुअर्ट,
स. न. वि. वि.

तुम्हाला सगळे स्टू म्हणायचे, म्हणून पुढे मीही तेच लिहिते. अहो-जाहो मात्र सोडवत नाही. १२ डिसेंबर १९८५ रोजी डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत बसलेले असताना हृदयविकाराच्या झटक्याने तुम्ही गेलात, सत्तेचाळीस वर्षांचे असताना. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही हे कळतं. तरी ते लिहिते आहे आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँड म्हटल्यावर पाच नावं घडाघडा सांगणाऱ्या कितीतरी लोकांना सहावं नाव, म्हणजे पियानोवरच्या तुमचं, माहीत नसतं.

मी एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवते. माझा डावा हात तुमची रेकॉर्डिंग्ज ऐकून तयार झाला आहे. त्याबद्दल तर आभार आहेतच, पण त्याआधीच्या एका गोष्टीबद्दल जास्त आहेत.

स्टोन्सची कथा सांगणारे बहुतेक जण डार्टफर्ड स्टेशनपासून सुरुवात करतात. १९६१ मध्ये गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स तिथे भेटले, जॅगरच्या काखेत रेकॉर्ड्स होत्या, वगैरे. ती भेट खरीच आहे. पण माझ्या लेखी बँड सुरू होतो २ मे १९६२ च्या ‘जॅझ न्यूज’मधल्या जाहिरातीपासून. गिटार वाजवणाऱ्या ब्रायन जोन्सला रिदम अँड ब्लूज वाजवणारे साथीदार हवे होते, आणि त्या जाहिरातीला सगळ्यात आधी उत्तर दिलंत तुम्ही. स्कॉटलंडमध्ये फाइफमधल्या पिटनवीमला जन्मलेले, लंडनच्या दक्षिणेला वाढलेले, सहाव्या वर्षापासून पियानोवर बसणारे. अल्बर्ट अमन्स, पीट जॉन्सन, मीड लक्स लुईस या शिकागोच्या आणि कॅन्सस सिटीच्या बुगी-वुगी, म्हणजे पियानोवरच्या जोरकस ब्लूज शैलीच्या, वादकांवर तुमचा जीव. जॅगर आणि रिचर्ड्स महिन्याभराने आले, आणि आले ते तुमच्या आणि ब्रायनच्या तालमीत.

कीथने त्या दिवसाचं वर्णन केलंय आणि मला ते फार आवडतं. सोहोमधला ‘ब्रिकलेयर्स आर्म्स’ हा पब, वरच्या मजल्यावरची खोली. जिना चढतानाच पियानो ऐकू येतोय. आत गेलं तर चामड्याची हाफ पँट घातलेला एक दणकट माणूस दाराकडे पाठ करून वाजवतोय, आणि डोळे खिडकीबाहेर, कारण खाली लावलेली सायकल कुणी पळवू नये. हात पियानोवर आणि लक्ष सायकलवर! बुगी-वुगी ज्यांनी वाजवून पाहिलंय त्यांनाच कळेल की हे किती अवघड आहे. डावा हात एका मापात आठ ठोके न थांबता मारत राहतो, आणि उजव्याने त्याच्यावर स्वतंत्र, उलटसुलट लयीत बोलायचं असतं. डावा जरा जरी अडखळला तरी सगळं कोसळतं. तुमचा डावा हात तेव्हाच इतका मुरलेला होता की त्याच्याकडे बघायची गरजच नव्हती.

१२ जुलै १९६२ ला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मार्की क्लबमध्ये पहिला कार्यक्रम झाला. जॅगर, रिचर्ड्स, जोन्स, बासवर डिक टेलर आणि पियानोवर तुम्ही. ॲलेक्सिस कॉर्नरचा ‘ब्लूज इन्कॉर्पोरेटेड’ हा बँड त्या दिवशी बीबीसीच्या कार्यक्रमाला गेला होता, म्हणून ती जागा मिळाली. पुढच्या सहा महिन्यांत माणसं किती भरभर बदलली! डिक टेलर कलाशिक्षणासाठी निघून गेला आणि पुढे त्याने ‘प्रिटी थिंग्ज’ हा बँड काढला. ड्रम्सवर काही काळ टोनी चॅपमन होता. त्यानेच डिसेंबरमध्ये बिल वायमनला आणलं, आणि जानेवारी १९६३ मध्ये चार्ली वॉट्स आल्यावर चॅपमनचीच खुर्ची गेली. मधल्या काळात कार्लो लिटल आणि रिकी फेन्सन यांनीही साथ केली. या सगळ्या ये-जा मध्ये पियानोवरचा माणूस तेवढा बदलला नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट.

त्या दिवसांत तुम्ही इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजमध्ये कारकून होता. बँडमध्ये दुसऱ्या कुणाकडेच फोन नव्हता. तेव्हा जाहिरातीत नंबर छापला जायचा तो तुमच्या ऑफिसातला. कार्यक्रमांची बोलणी, तारखा, जायचं-यायचं, सगळं तुम्ही नोकरीच्या टेबलावरून सांभाळलंत. आपलं टेबल म्हणजेच स्टोन्सचं मुख्य कार्यालय होतं, असं तुम्हीच नंतर सांगितलंय. वाद्यं न्यायला व्हॅन हवी होती, तर तीही तुम्हीच घेतलीत. मिक, कीथ आणि ब्रायन चेल्सीच्या एडिथ ग्रोव्हवरच्या गळक्या घरात उपाशीतापाशी राहत होते, ब्रिटनमध्ये त्या वर्षी हाडं गोठवणारी थंडी पडली होती, आणि बँडमध्ये नियमित पगार असलेल्या मोजक्या माणसांत तुम्ही होता. आज एवढ्या मोठ्या झालेल्या बँडचा पहिला हिवाळा एका कारकुनाच्या टेबलाने आणि त्याच्या व्हॅनने निभावून नेला, हे मला त्यांच्या कुठल्याही स्टेडियममधल्या कार्यक्रमाहून मोठं वाटतं. बँड घेऊन फिरणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गाणी सगळ्यांकडे असतात. फोन उचलणारा, ठरल्या वेळी गाडी दाराशी आणणारा माणूस सगळ्यांकडे नसतो.

मग आला मे १९६३. रिचमंडच्या स्टेशन हॉटेलात जॉर्जिओ गोमेल्स्कीच्या क्रॉडॅडी क्लबमध्ये गर्दी उसळू लागली होती. एकोणीस वर्षांचा अँड्र्यू लूग ओल्डम मॅनेजर म्हणून आला आणि म्हणाला, सहा जण फार झाले, लोकांच्या ध्यानात राहणार नाहीत. शिवाय हा पियानोवाला दिसायला इतरांत बसत नाही. भरदार अंग, रुंद जबडा, मागे वळवलेले आखूड केस. पोरींनी भिंतीवर लावायच्या फोटोत हा नको. तुम्हाला सांगण्यात आलं की स्टेजवरच्या बँडमध्ये तुम्ही नसाल, पण रोड मॅनेजर म्हणून राहा आणि रेकॉर्डिंगला पियानो वाजवा.

धंद्याच्या हिशेबाने ओल्डमचं गणित चुकलं असं म्हणता येत नाही. माणूस म्हणून ते कठोर होतं, आणि संगीताच्या बाजूने बघितलं तर अन्यायच होता. जो बँड तुम्ही उभा केलात त्यातूनच चेहऱ्यामुळे तुम्हाला मागे सरकवलं. आणि तुम्ही राहिलात. कीथ म्हणालाय की तुमच्या जागी तो असता तर शिवी हासडून निघून गेला असता, पण तुम्ही म्हणालात, ठीक आहे, मी गाडी चालवतो. त्याला फार मोठं मन लागतं, हेही तोच म्हणाला. आणि त्याने हेही कायम सांगितलं की त्याच्या दृष्टीने रोलिंग स्टोन्स हा तुमचा बँड आहे आणि तो अजून तुमच्याकडेच कामाला आहे.

त्यानंतर बावीस वर्षं तुम्ही सामान गाडीत चढवलंत, उतरवलंत, गिटारच्या तारा बदलल्यात, चार्लीचे ड्रम्स मांडून दिलेत. जून १९६४ मध्ये अमेरिकेच्या पहिल्याच दौऱ्यात शिकागोच्या चेस स्टुडिओत, म्हणजे ज्यांच्या रेकॉर्ड्स ऐकून हे सगळे वाढले त्यांच्याच जागेत, ऑर्गन वाजवलात. दौऱ्यांवर हॉटेलं ठरवायचं काम तुमच्याकडे असे, आणि तुम्हाला गोल्फचं वेड! कीथ सांगतो, शहरात कार्यक्रम, आणि मुक्काम दहा मैल बाहेर; सकाळी खिडकी उघडावी तर समोर गोल्फचं मैदान. बाकीच्यांभोवती दारू आणि अमली पदार्थांचा पूर आला तेव्हाही तुम्ही त्यापासून लांब राहिलात. अशा बँडमध्ये एक तरी माणूस शुद्धीवर लागतो. ब्रायन १९६९ मध्ये बाहेर पडला तेव्हा त्याच्या जागी गिटारवादक मिक टेलरचं नाव सुचवणाऱ्यांत ब्लूज गायक जॉन मेयॉलबरोबर तुम्हीही होता. टेलर गेला, रॉनी वुड आला. तुम्ही होतातच.

आता वाजवण्याबद्दल. मायनर कॉर्ड, म्हणजे उदास छटेचा स्वरमेळ, तुम्हाला चालत नसे. स्टेजवर मायनर कॉर्ड आला की निषेध म्हणून हात वर करतो, असं तुम्ही म्हणायचा. डिसेंबर १९६९ मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सला तीन दिवस रेकॉर्डिंग झालं. ‘ब्राउन शुगर’वरचा पियानो तुमचा. ‘वाइल्ड हॉर्सेस’ची वेळ आली, गाण्यात मायनर कॉर्ड, आणि तुम्ही उठून सामान आवरायला लागलात. पियानोवर जिम डिकिन्सन बसला. मला स्वतःला मायनर कॉर्ड फार आवडतात, तेव्हा या बाबतीत मी तुमच्या बाजूची नाही. पण तुम्हाला आपलं काय आणि आपलं काय नाही हे पक्कं माहीत होतं, आणि जे आपलं नाही ते दुसऱ्याला देताना हात आखडला नाही. निकी हॉपकिन्स, बिली प्रेस्टन, इयन मॅकलॅगन असे एकाहून एक वादक त्यामुळे त्या बाकावर येऊन गेले. स्टोन्सच्या आवाजात इतके रंग आले त्यात या नकाराचा मोठा वाटा आहे.

‘ब्राउन शुगर’ मी हेडफोन लावून कितीदा ऐकलं असेल! वरवर ऐकलं तर गिटार आणि सॅक्सोफोनच ऐकू येतो. कान स्थिर केला की मागून वरच्या सप्तकातले ठोके ऐकू येऊ लागतात, आणि एकदा ते सापडले की त्यांच्याशिवाय गाणं ऐकताच येत नाही. गिटार जिथे जागा सोडते तेवढ्यातच पियानो बोलतो आणि लगेच बाजूला होतो. बँडमध्ये कीबोर्ड कसा वाजवायचा याचं शिक्षण मला तिथे मिळालं. हात चालू ठेवायचे, जागा मात्र अडवायची नाही.

स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, ती ट्रकमधली रेकॉर्डिंगची यंत्रणा, तीही तुमच्या देखरेखीखाली होती. ती घेऊन हेडली ग्रेंज या घरी लेड झेपेलिन या दुसऱ्या रॉक बँडकडे गेलात आणि त्यांच्या ‘रॉक अँड रोल’वर पियानो वाजवून आलात. तिथेच एक बेसूर झालेला, वाजवण्याजोगा न उरलेला पियानो पडला होता. तुम्ही त्यावर बसलात आणि त्यातून ‘बुगी विथ स्टू’ निघालं. वाद्य चांगलं नाही म्हणून कुरकुर करावीशी वाटली की मी ते लावते.

आणखी एका माणसासाठी आभार मानायचे आहेत. अमेरिकन रॉक अँड रोल गायक-गिटारवादक चक बेरीची गाणी ई फ्लॅट, बी फ्लॅट अशा पियानोला सोयीच्या पट्ट्यांत का आहेत, हे कीथला तुम्ही दाखवून दिलंत: कारण त्यांच्यामागे जॉनी जॉन्सनचा पियानो आहे. तो अजून सेंट लुईसला वाजवतो, त्याला विसरू नकोस, हेही तुम्हीच सांगून ठेवलंत. तुम्ही गेल्यावर १९८६ मध्ये कीथने त्याला शोधून बेरीच्या कार्यक्रमात बसवलं, आणि २००१ मध्ये जॉन्सनचं नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत लागलं. जो स्वतः मागे राहिला त्याला मागे बसलेला दुसरा माणूस बरोबर दिसला.

तुमच्यासाठी स्टोन्सनी २३ फेब्रुवारी १९८६ ला लंडनच्या हंड्रेड क्लबमध्ये वाजवलं. त्या वर्षीच्या अल्बमच्या शेवटी तुमचा अर्ध्या मिनिटाचा पियानो ठेवला. १९८९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जाताना त्यांनी आग्रह धरला की तुमचंही नाव त्यांच्याबरोबर लागलं पाहिजे, आणि ते लागलं. सहा जण फार होत नाहीत हे मान्य व्हायला सव्वीस वर्षं लागली.

आमच्या बँडच्या पोस्टरवर आता गाडी चालवणाऱ्याचं आणि साउंड सांभाळणाऱ्याचं नाव वाजवणाऱ्यांच्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत छापलं जातं. तुमच्याबद्दल वाचल्यावर मी हा आग्रह धरला आणि सगळ्यांनी तो लगेच मानला. त्याबद्दलही आभार.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
एक कीबोर्डवादक