‘सदस्य १७’ कोण, हे वाड्यावर कळतेच

माननीय संपादक,

चतुर्थीच्या आधी एका प्रचारसंस्थेचा माणूस आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनला भेटला. लोक कोणाचे ऐकतात, कोणाचा निरोप पुढे जातो, एवढेच मोजायचे आहे. नावे काढून टाकू, म्हणाला. अ‍ॅडमिनने वर्षभराचे चॅट देऊन टाकले. आम्हा साठ जणांना कोणी विचारले नाही.

रोज पहाटे पाचला अभंग पाठवणारे, सप्ताहाला कोणी कधी गायचे ते ठरवणारे आमचे बुवा ‘सदस्य १७’ म्हटल्याने लपतात का? २००९ मध्ये अरविंद नारायणन आणि विटाली श्मातिकोव्ह या संशोधकांनी नावे पुसलेले ट्विटरचे जाळे फ्लिकर या फोटो टाकण्याच्या संकेतस्थळाच्या जाळ्याशी ताडून पाहिले. दोन्हीकडे खाते असलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश माणसे, कोण कोणाशी जोडलेला आहे एवढ्यावरूनच ओळखता आली.

संमतीचेही तसेच. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचार करणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात, फेसबुकवरची माहिती गोळा करणारे अ‍ॅप भारतात घेणारे होते ३३५. माहिती गेली असावी ५,६२,४५५ जणांची, हे फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितले. मित्रांनी मित्रांची दिली. आमच्या अ‍ॅडमिनला दोष देऊन म्हणूनच भागणार नाही.

मोजूच नये, असे मी म्हणत नाही. डेंग्यूची सूचना कोणामार्फत लवकर पोचेल, हे आरोग्य खात्याला कळायला हवेच. त्यासाठी २००६ पासून ‘डिफरेन्शियल प्रायव्हसी’ ही गणिती रीत आहे. उत्तरात मोजून-मापून थोडी चूक मिसळायची, म्हणजे एखादा माणूस त्यात असला काय, नसला काय, फरक जवळजवळ दिसत नाही. पण एक संबंध झाकायला थोडी चूक पुरते. माणूस त्याच्या सगळ्या संबंधांसकट झाकायला पुष्कळ लागते. आणि ज्याचे लोक ऐकतात, त्याचेच संबंध सर्वांत जास्त! साठ जणांत एवढी चूक मिसळली तर उत्तराला अर्थच उरत नाही. म्हणून लहान ग्रुप मोजू नयेत, आणि मोठ्यांचेही एकत्रित आकडे द्यावेत, माणसांच्या याद्या नकोत.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ज्याची माहिती त्याची, अ‍ॅडमिनची नव्हे. पंचायतींनी हे ग्रामसभेत समजावून सांगावे.

बुवांनी ग्रुपवर अभंग पाठवणे थांबवले आहे. चॅट पुसून टाका, असे आम्ही त्या संस्थेला लेखी कळवले. अजून उत्तर नाही.

– एक वाचक, डिचोली