एक शून्य कुठं गेलं, संपादकसाहेब?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला लिव्हरवरचा लेख वाचला. म्हणजे आधी आमच्या दादाने वाचला, आणि त्यानंतर घरात जे रामायण झालं त्यामुळे मला वाचावा लागला. हेडिंग काय तर 'दुर्बिणीपासून कायमची सुटका'. वा! आणि खाली चौकटीत ठळक अक्षरात: फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट १५,००० च्या वर असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एंडोस्कोपीची, म्हणजे घशातून दुर्बीण घालून बघायची, गरज नाही.

पंधरा हजार? अहो, दीड लाख! १,५०,०००. २०१५ साली इटलीत बाव्हेनोला यातल्या जाणकार डॉक्टरांची बैठक झाली तेव्हापासून हाच आकडा आहे आणि तो डॉक्टरांना तोंडपाठ असतो. प्लेटलेट पंधरा हजारावर आल्या तर कुठलाही डॉक्टर बाकी सगळं सोडून आधी त्याच्याच मागे लागेल, एवढं तरी प्रूफ बघणाऱ्याच्या लक्षात यायला नको?

आता आमच्या दादाचं ऐका. सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर खराब होऊन कडक झालंय, स्कॅन १८ आला आणि प्लेटलेट ८२ हजार. म्हणजे तुमच्या चौकटीप्रमाणे दादा फर्स्ट क्लासात पास, आणि खऱ्या नियमाप्रमाणे नापास, कारण दोन्ही आकडे एकदम बसावे लागतात, एक बसून चालत नाही. घशात नळी घालायची म्हटलं की त्याला आधीच घाम फुटतो, मोठ्या मुश्किलीने आम्ही त्याला तयार केलं होतं, अपॉइंटमेंट घेतली होती, आणि काल या गृहस्थाने चहा संपायच्या आत फोन करून ती कॅन्सल केली वर वहिनीला पेपर नाचवून दाखवला. मी म्हटलं, दादा, छपाईची चूक असेल. तर म्हणे, तू काय पेपरवाल्यांपेक्षा शहाणी?

डॉक्टरांनी त्याला मागेच समजावलं होतं की लिव्हर कडक झालं की रक्ताला आत जायला जोर लागतो, मग ते मागे तुंबतं, पाणथरी मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात, म्हणून तर त्या रिपोर्टमध्ये कमी दिसतात. तेच तुंबलेलं रक्त अन्ननलिकेतल्या शिरांमधून वाट काढतं, त्या फुगतात आणि एखादी फुटली तर रक्ताची उलटी. काही पेशंटना कार्व्हेडिलॉलसारखी गोळी सुरू करतात म्हणजे तो दाब कमी होतो आणि मग दुर्बिणीशिवायही भागतं, पण दादाला दमा आहे, त्याला ती गोळी चालत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी उपाय एकच, आत बघायचं आणि शिरा मोठ्या निघाल्या तर बँडिंग करायचं, म्हणजे रबरी कडी घालून त्या बांधून टाकायच्या. हे सगळं त्याला पाठ होतं हो, कालपर्यंत!

विषय चांगला घेतलात, नाही म्हणत नाही. दोन्ही आकडे नीट बसले तर धोक्याच्या शिरा निघायची शक्यता पाच टक्क्यांच्या आत असते, अशांना उगाच दुर्बिणीखाली झोपवायचं कशाला? बरगड्यांच्या मधे ते यंत्र ठेवतात, टिचक्या मारल्यासारखं होतं आणि दहा रीडिंग घेऊन काम झालं. पण 'कायमची' सुटका कुठून आणलीत? आकडे बसलेल्यांनीही दरवर्षी स्कॅन आणि प्लेटलेट पुन्हा करायच्या असतात. पोटात पाणी झालंय किंवा एकदा रक्त पडून गेलंय त्यांना तर हा नियमच लागू नाही. स्कॅनच्या आधी तीन तास उपाशी राहायचं, खाऊन गेलं तर आकडा उगाच चढतो, हेही लेखात कुठंच नाही. त्याऐवजी अर्धं पान चित्राला.

आणि चित्राचं निघालंच आहे म्हणून सांगते, त्यात लिव्हर डाव्या बाजूला दाखवलंय आणि तो हसरा टेक्निशियन पेशंटच्या डाव्या बरगड्यांवर यंत्र धरून बसलाय. फोटो उलटा छापलात की लिव्हरच हलवलंत?

दुरुस्ती छापाल अशी आशा आहे. पण शेवटच्या पानावर जाहिरातींच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'दिलगीर आहोत' नको, जशी चूक छापली तशीच ठळक चौकट, त्याच पुरवणीत, आणि आकडा दीड लाख असा अक्षरीसुद्धा लिहा म्हणजे शून्य पळायला नको. पुरवणीची वाट न बघता आधी उद्याच्या अंकातही टाकलीत तर उपकार होतील, कारण दादाचं म्हणणं असं की पेपरात छापून आलं तरच तो परत अपॉइंटमेंट घेणार.

आपली,
एक नियमित वाचक (अजून तरी)