कापूस इथला, सूत मात्र परगावचे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात झालेल्या विदेशी कापडाच्या होळीचे स्मरण आपण दरवर्षी करतो. पण त्या होळीमागचे अर्थकारण नव्या पिढीला क्वचितच सांगितले जाते. इथला कापूस गाठी बांधून परदेशी जायचा आणि इथल्या बाजारात इंग्लंडमधील लँकेशायरचे कापड विकले जायचे. देशी गिरण्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा १८९६ मध्ये सरकारने आयात कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवून तेवढाच अबकारी कर देशी गिरण्यांच्या कापडावरही बसवला. परक्या मालाची विक्री घटू नये एवढ्यासाठी घरच्या मालावर लादलेला हा कर थांबायला १९२५ ची अखेर उजाडली. आपल्या सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, त्याच्या कितीतरी आधी, १८७७ च्या दिल्ली दरबारात, खादी नेसून जाण्याचे धैर्य दाखवले होते, हे पुणेकरांनी विसरू नये.

हे आठवण्याचे कारण असे की, विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात पिकणारा बराचसा कापूस आजही गाठींच्या रूपातच राज्याबाहेर जातो. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात कापूस प्रक्रियेची क्षमता ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. ते योग्यच आहे. मात्र ज्याच्या मागावर हे सूत चढायचे, त्याची स्थिती मी इचलकरंजीत जवळून पाहिली. तिथे पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला. एका खर्चीवाल्याच्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचे कापड मजुरीवर विणून देणाऱ्या मागधारकाच्या, शेडमध्ये आठ साधे माग चालू होते. कामगाराच्या भुवयांवर कापसाचे तंतू साचलेले, हात धोट्यातली आडव्या सुताची कांडी बदलण्यात गुंतलेले आणि त्या खडखडाटात बोलायचे तर तोंड कानाशी न्यावे लागे. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचेच. मागधारकाच्या हाती फक्त पिकाप्रमाणे, म्हणजे कापडात विणलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येप्रमाणे, ठरलेली मजुरी आणि त्यातूनच भरायचे वीजबिल. मजुरी महिनोन् महिने तीच राहते, बिल मात्र वाढते, असे तो सांगत होता.

तेव्हा राज्य सरकारने किती कापसाचे राज्यातच सूत आणि कापड झाले, याचे जिल्हावार आकडे दरवर्षी जाहीर करावेत आणि वीज सवलत मोठ्या प्रकल्पांआधी अशा खर्चीवाल्यांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे